टोपीवर तुरा, पायाशी ठिपका

माधवगंजातल्या आमच्या घराचं दार दुपारी दोन ते चार कोणी वाजवत नसे. खाली राहणाऱ्या दुबे भाभी आल्यागेल्याला सांगत, "ऊपर मत जाना अभी, जगदाळे दीदी के यहाँ पाठ चल रहा है." पाठ चालायचा हे खरंच होतं. मी एका लयीत म्हणायचे, "टी, एच, आय पायाशी ठिपका, टी. जागा. एल, शिंगाचा ओ पायाशी ठिपका, एन. पूर्ण." समोर आई मांडीवर पाट, पाटावर प्रूफ घेऊन बसलेली असे आणि लाल पेन्सिलीचं टोक एकेका अक्षराखालून सरकवत "हं" म्हणे. तिचा "हं" आला की मी पुढे जायचं. नाही आला तर थांबायचं, कारण तिला काहीतरी सापडलेलं असे. कूलरची घरघर, खालच्या चौकात कुणाच्या तरी सायकलची घंटी, आणि मध्ये आमचं हे. एकदा भाभींनी जिन्यात आईला विचारलं की ही कुठल्या देवीची पोथी, फार कठीण दिसते. आई म्हणाली, "देवी की नहीं भाभी, बच्चों की है." भाभींचा विश्वास बसला नाही. त्या पुढेही नवरात्रात आमच्याकडे दोन केळी जास्त पाठवत राहिल्या.

ती पुस्तकं खरोखरच मुलांची होती. व्हिएतनाममधल्या शाळकरी मुलांनी इंग्रजीचा सराव करायचा, त्यासाठी. आधी एक छोटा धडा, मग नवे शब्द आणि त्यांचे व्हिएतनामी अर्थ, मग व्याकरणाचा नियम, तोही व्हिएतनामीतच समजावलेला, आणि शेवटी गाळलेल्या जागा, जोड्या, चूक की बरोबर. दिल्लीचा एक प्रकाशक ती पुस्तकं तिकडच्या कुणासाठी तयार करून देत असे. अक्षरजुळणी गावातल्या पडाव भागात, मोघेकाकांच्या दुकानात होई. आणि तपासायला आम्ही दोघी. आईचं शिक्षण मराठी सातवीपर्यंतचं, माझं हिंदी शाळेत चाललेलं. व्हिएतनामीचं म्हणाल तर सगळ्या ग्वाल्हेरात ती भाषा कळणारा माणूस आमच्या माहितीत नव्हता.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट सांगून टाकते, नाहीतर मला सरळ लिहिता येणार नाही. दादाला इंग्रजी शाळेत घातलं आणि मला घातलं नाही. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ अजित. बाबा पडावला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बुकिंग क्लार्क होते, दोघांची फी झेपणारी नव्हती, हे मला आता कळतं आणि तेव्हाही कळत होतं. पण बाबा जे म्हणाले ते फीचं नव्हतं. ते मला मांडीवर घेऊन, माझ्या वेणीशी खेळत म्हणाले, "आपली वैजू घरात मराठी बोलते, बाहेर हिंदी बोलते. मुलीला दोन भाषा पुष्कळ झाल्या." प्रेमानेच म्हणाले. मी ते विसरलेली नाही. बाबा गेले, मी त्यांचं सगळं दुखणं काढलं, दिवस घातले, तरी ते विसरलेली नाही. दादा रोज टाय बांधून निघे, आणि संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहून आईला विचारी, "मे आय कम इन?" आई हातातलं लाटणं वर करून म्हणे, "ये मेल्या." सगळे हसत. मला त्या प्रश्नाचं उत्तर येत नसे म्हणून मी हसत नसे. त्याचा इंग्रजी शब्दकोश त्याच्या टेबलाच्या कुलपात असे. मी पानं दुमडते, असं त्याचं म्हणणं होतं.

मोघेकाकांकडे पूर्वी लग्नपत्रिका छापायचं मशीन होतं. ते विकून त्यांनी तीन कॉम्प्युटर घेतले आणि दिल्लीचं काम धरलं. प्रूफं बघायला कॉलेजातली दोन मुलं ठेवली होती, ती या व्हिएतनामी पुस्तकाच्या पहिल्याच सोळापानी फर्म्यात पळाली. बाबांनी हे जेवताना गंमत म्हणून सांगितलं: साध्या ए बी सी डीवर कसले कसले काटे उगवलेत म्हणे, पोरांच्या डोळ्यांना पाणी लागलं. मी तेव्हा अकरावीत होते. दुसऱ्या दिवशी शाळेतून परस्पर पडावला गेले. मोघेकाका माझ्याकडे बघून म्हणाले, "एवढे कॉलेजवाले हरले, तू काय करून घेशील गं?" मी म्हटलं, "हरले ना? मग अवघड मजकुराचा भाव लावा, साध्याचा नको. आणि काम मी घरी नेईन." ते म्हणाले, बापाला पाठव. मी म्हटलं, बाबांना भाव करता येत नाही, म्हणून तर मी आले. काका हसत सुटले आणि मला पहिला गठ्ठा मिळाला. माझ्या आयुष्यातला तो पहिला सौदा. पुढे खूप केले, त्यांतले काही फार तापून केले आणि त्यापायी माणसं दुखावली, पण त्या पहिल्यासारखी मजा नाही आली.

मोघेकाकांनी पद्धत समजावून दिली, ती त्यांच्या शिशाच्या खिळ्यांच्या काळातली होती. एकाने मूळ प्रत धरायची आणि मोठ्याने वाचायची, स्वल्पविराम, पूर्णविराम, जागा सगळं बोलून दाखवायचं. दुसऱ्याने प्रूफावर नजर ठेवायची आणि खुणा करायच्या. मूळ प्रत समोर असल्याशिवाय एकही ओळ पास करायची नाही, स्वतःचं नाव असलं तरी नाही. मी मूळ प्रत हातात घेतली आणि पहिल्याच व्हिएतनामी ओळीला अडकले. ए दिसत होता, पण त्याच्या डोक्यावर छपरासारखं काहीतरी आणि त्यावर आणखी एक तिरकी रेघ. हे तोंडाने म्हणायचं कसं? आई नुसती कागद उडू नयेत म्हणून जवळ बसली होती, खलबत्त्यातला बत्ता त्यांच्यावर ठेवून. ती वाकून बघत म्हणाली, "अगं, टोपी घातलीय त्यानं. आणि टोपीवर तुरा." मी म्हटलं, आणि हा? "हा तर आपला चंद्र, ॲ वर देतो तसा." यू आणि ओ यांना बाजूला फुटलेलं शिंग, डीला कंबरपट्टा, डोक्यावर कधी तुरा उजवा तर कधी डावा, कधी भिंतीतल्या खुंटीसारखा आकडा, कधी शेवेचा एक तुकडा. आणि पायाशी ठिपका. एका दुपारी आईने त्या परक्या भाषेला आपल्या घरातली नावं ठेवून टाकली, तीही वांगी निवडता निवडता.

मग दादाच्या लहानपणीच्या अंकलिपीवरून तिला सव्वीस अक्षरं ओळखायला किती दिवस लागले? चार. शब्द तिला कधीच वाचता आले नाहीत, आणि त्याचाच उपयोग झाला. मी वाचायचे तेव्हा माझे डोळे शब्दाचा अर्थ लावून पुढे पळायचे आणि चूक मागे राहायची. आई एकेका अक्षराला दारात उभं करून बघायची. रांगोळीचा एक ठिपका सरकला तर तिला जिन्यातूनच दिसायचं. हीच नजर. संध्याकाळी बाबा आले की ती त्यांना मोजून सांगे, आज अकरा टोप्या उडालेल्या सापडल्या, दोन शिंगं मोडली. बाबा गंभीरपणे विचारत, "कोणी जखमी?"

आज माझ्या हाताखाली सात मुली आहेत. कॉम्प्युटरच आता बऱ्याच चुका दाखवतो, तरी मी त्यांना जोडीने बसवते आणि मोठ्याने वाचायला लावते. त्या हिंदीत म्हणतात, "टोपी पे तुर्रा, पैर में बिंदी." मध्यंतरी व्हिएतनामच्या संपादक बाई व्हिडिओवर बोलत होत्या, त्यांनी मागून येणारा आवाज ऐकून विचारलं की या मुली प्रार्थना म्हणतात का. मला दुबे भाभी आठवल्या.

इंग्रजी मी त्या पुस्तकांतून शिकले, आणि ते लपवून शिकले. प्रूफं दुरुस्त होऊन आली की जुनी रद्दीत जात. ती मी माळ्यावर ठेवायचे, आणि आई पोळ्या करत असताना पाठीला पाठ लावून पेन्सिलीने गाळलेल्या जागा भरायचे. उत्तरं पुस्तकाच्या शेवटी असत. सूचना व्हिएतनामीत असल्यामुळे काय करायचं ते अंदाजाने समजून घ्यावं लागे, पण एकच सूचना चौथ्यांदा आली की ती पाठ होई. दोन टोप्या, एक कंबरपट्टा आणि शेवटी ठळक रेघा, म्हणजे रिकामी जागा भरा. धड्यांत लान नावाची मुलगी होती आणि तिचा धाकटा भाऊ नाम. दोघं सायकलवरून एकाच शाळेत जात. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हातातली मूळ प्रत खाली ठेवली. आईने विचारलं, काय सापडलं? मी म्हटलं, काही नाही. लानच्या घरी नदी होती, आजोबांचं मासे पकडायचं जाळं होतं, नव्या वर्षाला अंगण झाडून घराला पिवळी फुलं लावत. ती सगळी वाक्यं मी तोंडपाठ केली. आरशात बघून, तोंडात मंजनाचा फेस असताना, मी लान होऊन इंग्रजी बोलायचे. माझ्या स्वतःच्या घराबद्दल मला इंग्रजीत एक वाक्य येत नव्हतं. ते कुठल्या पुस्तकात छापलेलंच नव्हतं.

वर्ष-सव्वा वर्ष असं गेलं, आणि मोघेकाकांना दिल्लीहून निरोप आला की काम वाढणार आहे. प्रकाशकाच्या संपादिका, सान्याल मॅडम, स्वतः येऊन दुकानात कायमचा प्रूफवाचक निवडतील. एक खुर्ची, एक कॉम्प्युटर. दादाचं बी. कॉम. तेव्हा दुसऱ्यांदा अडकलं होतं. बाबा जेवताना म्हणाले की अजितला बसवू, इंग्रजीचं काम आहे, त्याचं इंग्रजी आहे. आई वाढत होती, तिचा हात थांबला. मी ताटावरून उठले. काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. एवढं आठवतं की मी म्हटलं, त्याच्या शाळेत तो बसला, माझ्या कामावरही तोच बसणार का? दादा म्हणाला, "छोड ना यार वैजू, माझ्यावर कशाला चिडतेस, मी काय मागायला गेलो होतो?" ते खरं होतं आणि म्हणून मी आणखी चिडले. शेवटी बाबांशी सौदा केला. दोघंही जाऊ. मॅडम ज्याला निवडतील त्याची खुर्ची, आणि मग हरणाऱ्याने घरात एक शब्द काढायचा नाही. बाबांनी मान्य केलं. मी हरेन याची त्यांना खात्री असावी, म्हणून इतक्या पटकन केलं. भाव करताना समोरचा लगेच हो म्हणाला की काय समजायचं ते मला आता कळतं.

त्या सकाळी आईने मला तिची चांगली निळी ओढणी दिली आणि स्वतः तपासलेल्या प्रूफांचा गठ्ठा घेऊन आमच्याबरोबर टेम्पोत बसली. गठ्ठा त्या दिवशीच द्यायचा होता म्हणून आलेय, असं तिने तीनदा सांगितलं. दुकानात ती दाराशी स्टुलावर बसली, गठ्ठा मांडीवर, पदर खांद्यावरून घेतलेला. मॅडम करड्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी आम्हा दोघांना मूळ प्रतीसकट एकेक प्रूफ दिलं, दोघांना तेच, मुद्दाम चुका पेरलेलं. दादाने दहा मिनिटांत ठेवलं. इंग्रजी भाग त्याने बरोबर तपासला होता, व्हिएतनामी सोडून दिला होता. मॅडमनी कारण विचारलं तेव्हा तो मोकळेपणाने म्हणाला, "मॅडम, इसको यहाँ कौन पढ़ता है?" मॅडम म्हणाल्या, "वहाँ बच्चे पढ़ते हैं." मग त्या त्याच्याशी इंग्रजीत बोलल्या आणि तो छान बोलला. प्रवास कसा झाला, किल्ला बघितला का, इथली तिळाची गजक घेऊन जा. मला त्याचा रागही येत होता आणि अभिमानही वाटत होता.

माझं प्रूफ व्हायला अर्धा तास लागला. मी ओठांतल्या ओठांत टोप्या आणि तुरे म्हणत होते. एकदा अडले, आणि नकळत आईकडे बघितलं. ती मला ओळखत नसल्यासारखी बाहेरच्या ट्रककडे बघत बसली होती. एकही चूक सुटली नाही, हे मॅडमनी माझ्यासमोर मोजून बघितलं. मग त्या इंग्रजीत म्हणाल्या, तुमच्या घरी कुठला सण मोठा असतो ते सांग.

मला प्रश्न कळला. हा प्रश्न लानला आठव्या धड्यात विचारलेला होता. मी उभी राहिले, हात मागे घेतले आणि सांगितलं. आमचा मोठा सण नवं वर्ष. आम्ही घर झाडतो, पिवळी फुलं आणतो. माझी आई हिरव्या पानांत भात बांधून चौकोनी वड्या करते. माझी आई मध्ये मुगाची डाळ घालते. माझी आई पोर्क घालते. वड्या शिजेपर्यंत आम्ही सगळे मोठ्या भांड्याभोवती बसतो. मोठी माणसं मुलांना लाल पाकिटं देतात. एकाही वाक्यात अडखळले नाही. आई, "मदर" हा शब्द मी तीनदा की चारदा म्हटला. आणि मागून दादा मोठ्याने हसला. तोंडावर हात ठेवला, तरी हसतच राहिला.

पोर्क म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. त्याचा अर्थ पानाखाली दिलेला होता, पण व्हिएतनामीत: दोन शब्द, आणि दोघांच्याही पायाशी ठिपका. त्या शब्दांतला प्रत्येक ठिपका मी आणि आईने शंभर वेळा तपासला होता. ती एखादी भाजी असेल असं मी धरून चालले होते. आमच्या घरी मटण शिजायचं ते वर्षातून चारदा, आणि मी दिल्लीच्या बाईंसमोर आईच्या हाताने डुकराचं मांस शिजवून वाढलं होतं. ते मला दादाने त्याच दिवशी समजावलं आणि पुढचे दोन-तीन महिने तो मला पोर्कवाली म्हणत होता.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांना आपला धडा ओळखू आला असणार. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, हे सगळं तुला कोणी शिकवलं? हेही पुस्तकात होतं. एकोणिसाव्या धड्यात नामला विचारतात, पोहायला कोणी शिकवलं, आणि तो सांगतो, माझं मीच शिकलो. मी तेच म्हटलं. "आय लर्न्ट बाय मायसेल्फ."

हे वाक्य मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. पुस्तकातलं होतं म्हणून तोंडात आलं, असं मी स्वतःला पुष्कळदा समजावलं आहे, पण ते पूर्ण खरं नाही. दाराशी स्टुलावर आई बसली होती, आणि तिच्या पायातली चप्पल अंगठ्याशी शिवलेली होती, आणि समोर दिल्लीच्या बाई होत्या. लानच्या आईबद्दल मी चार वाक्यं बोलले. माझ्या आईसाठी एकच लागलं असतं, आणि त्यातले सगळे शब्द मला येत होते.

खुर्ची मला मिळाली. मॅडम काकांना म्हणाल्या, "बोलना आ जाएगा, ये नज़र नहीं आती." दादा उठला, माझ्या डोक्यावर टपली मारली, "जीत गई तू," म्हणाला आणि आईला घेऊन निघाला. मी मागे थांबले, कारण मला काकांशी बोलायचं होतं. खुर्ची खिडकीकडे हवी, उन्हाळ्यात कूलर हवा, आणि व्हिएतनामी पानं घरी आईकडेच जातील, ती दुसऱ्या कुणाला द्यायची नाहीत. शेवटच्या अटीवर काका तासभर अडले, मी हटले नाही. हे माझ्या बाजूने लिहून ठेवते. घरी पोचले तेव्हा वरणफळं झाली होती. आईने माझ्या ताटात तूप वाढलं, आणि वाढून झाल्यावर परत आत जाऊन आणखी एक चमचा आणला. मला वाटलं, खुर्चीचं कौतुक.

त्यानंतर आणखी एक गोष्ट सुरू झाली, ती मी तेव्हा नुसती बघितली. आई तपासलेल्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात, लाल पेन्सिलीने, एक बारीकसा "ल" काढू लागली. तिच्या नावाचा, लीलाचा ल. आधी कधी काढत नव्हती. मी विचारलं तर म्हणाली, "असू दे, काम कोणी केलं ते कळावं."

दादा पुढे औषधांच्या कंपनीत लागला आणि इंदूरला गेला. आमच्यात भांडण म्हणावं असं काही झालं नाही. मी दिवाळीला फोन करते, तो राखीला येतो किंवा येत नाही. शाळा त्याची, शब्दकोश त्याचा आणि ते हसणं त्याचं, या तीन गोष्टी मी जपून ठेवल्या होत्या. मोघेकाका थकल्यावर त्यांचे कॉम्प्युटर मीच घेतले, पडावहून काम माधवगंजात आणलं. आता व्हिएतनामचा प्रकाशक माझ्याशी थेट बोलतो, आणि मी त्याच्याशी. मला चांगलं इंग्रजी येतं. तापले की अजूनही लानची वाक्यं मध्ये येतात.

यंदा नव्या मालिकेचा करार करताना मी एक अट घातली. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर एक ओळ छापायची: प्रूफवाचन, लीला जगदाळे. त्यांच्याकडे अशी रीत नव्हती. महिनाभर मेल चालले. शेवटी काम आठवडाभर लवकर देण्याच्या बोलीवर त्यांनी मान्य केलं, आणि माझ्या सात मुली त्या आठवड्यासाठी मला मनातल्या मनात शिव्या घालत असणार.

त्या पानाचं प्रूफ मी आईकडे नेलं. तिची दृष्टी आता अधू आहे, पण सकाळच्या उन्हात भिंग घेऊन ती रोज एक पान बघतेच. मी म्हटलं, हे बघ. तिने भिंग धरलं, अक्षर अक्षर पुढे गेली. "टोपी नाही, तुरा नाही," ती म्हणाली, "इतकं मोकळं कुणाचं गं नाव?" मी म्हटलं, तुझं. तिने भिंग खाली ठेवलं. मग म्हणाली, "आता कशाला घातलंस? तू तर तेव्हाच सांगून टाकलं होतंस त्या बाईंना."

मी विचारलं, काय सांगितलं होतं?

"तेच. सगळं आईने शिकवलं म्हणून. मला आपलं मदर, मदर एवढंच कळलं. मग टेम्पोत अजितला विचारलं, काय म्हणत होती रे माझ्याबद्दल? तो म्हणाला, बाईंनी विचारलं कोणी शिकवलं, तर वैजू म्हणाली, सगळं माझ्या आईने शिकवलं, ती दाराशी बसलीय ती." आई हसली. "मी म्हटलं, मग तू हसलास का? तर म्हणतो, आनंद झाला म्हणून."

मी तिला खरं सांगितलं नाही. तोंड उघडलं होतं, पण तिने भिंग परत उचललं होतं आणि ती त्या ओळीवर वाकली होती. मी बाहेर जिन्यात आले आणि इंदूरला फोन लावला. दिवाळी नव्हती, म्हणून दादा आधी घाबरला, आई बरी आहे ना विचारलं. बरी आहे म्हटल्यावर म्हणाला, "मग बोल, काय भाव कमी करायचाय?" मी त्याला टेम्पोचं विचारलं. पलीकडे त्याने टीव्हीचा आवाज कमी केला.

"तू किती भरभर बोलत होतीस," तो म्हणाला. "मला तर तसंच ऐकू आलं होतं."

मी त्याला सांगितलं की शाळेचं मी सोडणार नाही, शब्दकोशाचंही नाही, पण हसण्याचं आजपासून सोडलं. तो म्हणाला, "तीनांत एक? ठीक आहे, घेतो मी." आणि मग, "राखीला येऊ का?" मी म्हटलं, ये, आणि येताना तो शब्दकोश घेऊन ये.

आत गेले तेव्हा आई पाटाखाली, उशीखाली हात घालून काहीतरी शोधत होती. मी विचारलं, काय हवंय? "लाल पेन्सिल," ती म्हणाली. "आणि मूळ प्रत कुठाय? त्याशिवाय पास नाही करायचं." मी करारातला, त्यांच्याकडून आलेला ओळीचा कागद आणला आणि तिच्यासमोर बसले, मूळ प्रत माझ्या हातात, प्रूफ तिच्या. मोठ्याने, एकेक अक्षर म्हणत मी तिचं नाव वाचलं. प्रत्येक अक्षराला तिने "हं" म्हटलं. शेवटी मी म्हटलं, पूर्ण. तिने कोपऱ्यात ल काढला.

खाली दुबे भाभींची सून कुणाला तरी सांगत होती, अभी ऊपर मत जाना.